क्लिअर कोटवर येणारे पावसाळी मळभ: ओळख, कारण आणि दुरुस्ती

दर पावसाळ्यात एकच तक्रार कानावर येते. प्लास्टिकच्या मॉडेल गाडीच्या काळ्या किंवा गडद निळ्या बॉडीवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, मारला, मारताना तो आरशासारखा चमकत होता, आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारण्याचे छोटे उपकरण) धुऊन परत येईपर्यंत त्यावर पातळ ताक सांडल्यासारखा पांढरेपणा पसरला होता. पांढऱ्या, पिवळ्या किंवा चंदेरी गाड्यांवर हा दोष सहसा दिसत नाही, त्यामुळे आपल्या हातून तो घडतो आहे याची पुष्कळांना कल्पनाच नसते. पहिली काळी गाडी हाती घेतली की तो एकदम उघडा पडतो. माझ्याकडून तो सलग तीन पावसाळे घडला आणि त्यांपैकी दोन वेळा मी जो उपाय केला त्यानेच तो वाढला, म्हणून या दोषाची ओळख, त्याचे कारण आणि दुरुस्ती येथे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या बाबतीत किट होते तामिया या जपानी कंपनीचे १/२० स्केलचे (खऱ्या गाडीच्या विसाव्या भागाएवढे) लोटस ७९. मारिओ आंद्रेत्तीने १९७८ साली फॉर्म्युला वनचे जागतिक विजेतेपद मिळवले त्या हंगामातील ही गाडी. अंगभर काळा रंग आणि कडांवरून फिरणाऱ्या बारीक सोनेरी रेषा. या रेषा डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवण्याच्या पातळ चित्रपापुद्र्याच्या) असल्यामुळे त्यांच्या कडा झाकण्यासाठी आणि सगळ्या बॉडीला एकसारखी चमक येण्यासाठी वरून क्लिअर कोट द्यावाच लागतो. ठाण्यातील माझ्या घरात रंगकाम बंद केलेल्या गॅलरीत होते. जुलैतील एका रात्री, पाऊस नुकताच उघडला असताना, मी नाकाडापासून मागच्या टोकापर्यंत एक ओला हात दिला. साधारण अर्ध्या मिनिटात नाकाडावर एक करडी झाक आली, ती कडांकडून मध्याकडे सरकली, आणि सोनेरी रेषा धुक्यातून पाहिल्यासारख्या दिसू लागल्या. खरा धक्का मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बसला, कारण मळभ जसेच्या तसे होते.

आधी पांढरेपणा कोणता ते ठरवावे

घाईघाईने वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा कागद) हाती घेण्यापूर्वी पांढरेपणाची जात ओळखणे आवश्यक आहे, कारण तयार गाडीवर पांढरे दिसणारे दोष निदान पाच आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो.

दमट हवेमुळे येणारे मळभ मोठ्या भागावर, सलग आणि ढगासारख्या पुसट कडांचे असते. क्लिअर मारल्यानंतर काही सेकंदांत ते दिसू लागते आणि सुकल्यावर बोट फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीतच लागतो. पृष्ठभाग बारीक रव्यासारखा खरखरीत लागत असेल तर तो दमटपणाचा दोष नव्हे. एअरब्रश फार लांब धरल्यामुळे किंवा हवेचा दाब जास्त असल्यामुळे क्लिअरचे थेंब बॉडीवर पोहोचण्यापूर्वीच अर्धवट सुकून बसले आहेत, आणि ते घासून काढण्याखेरीज इलाज नाही. पांढरेपणा फक्त डिकलच्या पारदर्शक पापुद्र्याच्या हद्दीत असेल आणि गाडी तिरकी धरल्यावर चांदीसारखा चमकत असेल, तर डिकलखाली हवा अडकलेली आहे. तो फक्त काचांवर आणि जोडांच्या आसपास असेल, विशेषतः काचेवर बोटांचे ठसे पांढरे उमटले असतील, तर ते सुपरग्लूच्या वाफांचे काम आहे. आणि दारांच्या व बॉनेटच्या खाचांत पांढरी रेघ दिसत असेल तर घाबरण्याचे काहीच कारण नाही, ते पॉलिशिंग कंपाउंड आहे. पाण्यात भिजवलेल्या मऊ टूथब्रशने किंवा टोक चेपलेल्या ओल्या टूथपिकने ते निघते.

या पाचांव्यतिरिक्त ठिपक्याठिपक्यांचा एक प्रकार आहे, तो कॉम्प्रेसरकडून येतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मळभ म्हणजे दवच

लॅकर जातीच्या क्लिअरमध्ये राळ विरघळवलेली असते आणि ती पातळ ठेवण्याचे काम थिनर करतो. थिनर उडून जाताना त्याला लागणारी उष्णता तो त्याच पृष्ठभागातून खेचून घेतो. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर तळहात गार पडतो तो याच कारणाने. गार झालेला पृष्ठभाग जर हवेच्या दवबिंदूखाली (बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानाखाली) गेला तर हवेतील बाष्प त्यावर दव होऊन बसते. हे दव ओल्या थरात शिरते, राळ तेथे विरघळलेली राहू शकत नाही आणि अतिसूक्ष्म कणांच्या रूपात साखळते. पाणी नंतर उडून जाते, पण त्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरल्यामुळे आपल्याला थर पांढरा दिसतो.

आता आकड्यांकडे पाहावे, कारण सगळे मर्म त्यांतच आहे. हवेचे तापमान २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंश असतो, म्हणजे बॉडी केवळ तीन अंशांनी गार झाली तरी तिच्यावर दव धरते. त्याच २८ अंशांना आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १६ ते १७ अंशांच्या दरम्यान येतो आणि आपल्याला ११ अंशांची मोकळीक मिळते. मनातल्या मनात हिशेब करायचा झाल्यास आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी असेल त्या आकड्याला पाचाने भागावे. जे उत्तर येईल तितक्या अंशांचा फरक तुमच्या हाती आहे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेपर्यंत हा ठोकताळा पुरेसा जवळ जातो. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक रंगाच्या टेबलावर ठेवणे हे माझ्या मते नव्या एअरब्रशपेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि तो त्याच्या तुलनेत फारच स्वस्त पडतो.

घाईचा थिनर हीच मूळ चूक

पावसाळ्यात रंग लवकर वाळत नाही अशी सर्वांची समजूत असते आणि ती चुकीचीही नाही. मात्र त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो अगदी उलटा आहे. रंग वाळत नाही म्हणून लवकर उडणारा थिनर घालावा, थिनरचे प्रमाण वाढवावे किंवा त्यात थोडे अ‍ॅसिटोन टाकावे, असा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो मानला होता. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळते. ते इतक्या वेगाने उडते की बॉडी क्षणात गार होते आणि दवाला आमंत्रण मिळते. याउलट ब्यूटाइल अ‍ॅसिटेट सुमारे १२६ अंशांना उकळते आणि रिटार्डर म्हणून, म्हणजे सुकणे लांबवण्यासाठी, वापरले जाणारे ब्यूटाइल सेलोसॉल्व्ह १७१ अंशांना. हे द्रव सावकाश उडतात, त्यामुळे पृष्ठभाग फारसा गार होत नाही. आणि थोडे दव धरलेच तरी थर अजून ओला असल्यामुळे त्या पाण्याला बाहेर पडण्यास अवधी मिळतो. पावसाळ्यात म्हणूनच थिनर सावकाश हवा. लाकडी सामानाला लॅकर किंवा फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर आणि गॅरेजमधील रंगारी हे फार पूर्वीपासून जाणतात; त्यांच्या कपाटात रिटार्डरचा डबा वेगळा ठेवलेला असतो.

पहिल्या वर्षी मी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरला होता. लाकूड किंवा पत्रा यांच्यासाठी तो ठीक असला तरी आपल्या कामासाठी त्यात दोन अडचणी आहेत: तो बहुधा घाईचा असतो आणि पॉलिस्टायरिनवर, म्हणजे किटच्या प्लास्टिकवर, तो चढाई करतो. प्रायमरचा सलग थर नसेल तर प्लास्टिकवर बारीक तड्यांची जाळी उमटते आणि ती क्लिअरखालून कायम दिसत राहते. मॉडेलसाठी बनवलेल्या थिनरांपैकी जीएसआय क्रिऑस या जपानी कंपनीच्या मिस्टर हॉबी मालिकेतील लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर आधीच मिसळलेला असतो. तामियाच्या लॅकर थिनरचाही रिटार्डरयुक्त प्रकार मिळतो. वेगळा रिटार्डर घ्यायचा असल्यास पातळ केलेल्या मिश्रणाच्या ५ ते १० टक्के एवढेच त्याचे प्रमाण ठेवावे.

या प्रमाणाची खात्री मी चमच्यांवर करून घेतली. पूर्वी आइस्क्रीमबरोबर मिळणारे प्लास्टिकचे चमचे चाचणीसाठी फार उत्तम असत, कारण त्यांचा उंचवटा बॉनेटच्या वळणाशी जुळतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अशा वस्तूंवर देशभर बंदी आल्यामुळे माझ्याकडे आता जुन्या साठ्यातील थोडेच उरले आहेत. त्यांतील तीन चमचे काळे रंगवून दोन दिवस वाळवले आणि आर्द्रता ८४ टक्के असताना एकाच क्लिअरची तीन मिश्रणे तयार केली: एक रिटार्डरविना, एक ५ टक्क्यांचे आणि एक १० टक्क्यांचे. पहिला चमचा पंचवीस सेकंदांच्या आत ढगाळला. दुसऱ्याच्या फक्त कडेला, जेथे थर पातळ होता तेथे, झाक आली आणि तीही काही मिनिटांत बरीचशी विरली. तिसरा स्वच्छ काळा राहिला. पण तो तासभर चिकट होता, तेवढ्या वेळात त्याने एक केस आणि धुळीचे दोन कण पकडले आणि खालच्या टोकाशी क्लिअरचा एक थेंब ओघळून साचला.

तिसऱ्या चमच्याने जे दाखवले ते विसरून चालत नाही. रिटार्डर वाढवला की थर जास्त वेळ ओला राहतो, ओघळ येतो, धूळ बसते आणि खालचे डिकल सुरकुतण्याची भीती वाढते, कारण द्रावक त्यांच्यावर तितका जास्त वेळ रेंगाळतो. म्हणून मी आता डिकलवर पहिले दोन हात अगदी भुरभुरते देतो, प्रत्येक हातानंतर दहा मिनिटे थांबतो, आणि त्यानंतरच रिटार्डर घातलेल्या मिश्रणाचा एक ओला हात देतो. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला १५ ते १८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब आणि बॉडीपासून आठ-दहा सेंटिमीटरचे अंतर मला मानवते. ओले हात वाढवून चमकेत खोलपणा आणण्याचा मोह आवरावा हे बरे, कारण खऱ्या गाडीवरील क्लिअरचा थर साधारण ४० मायक्रॉनचा असतो. तेवढाच थर १/२० च्या बॉडीवर बसला तर प्रमाणात तो ०.८ मिलिमीटर जाडीचा होतो, आणि गाडी वितळलेल्या काचेत बुडवून काढल्यासारखी दिसते.

स्प्रे कॅन वापरणाऱ्यांना मिश्रणात काही घालता येत नाही, आणि कॅनमधून येणारा फवारा प्रणोदक (फवारा बाहेर ढकलणारा) वायू प्रसरण पावल्यामुळे मुळातच गार असतो. त्यांनी कॅन दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा. कोमट म्हणजे हाताला सहज सोसवेल इतके, ४० अंशांच्या खालचे. उकळते पाणी, गॅसची शेगडी किंवा थेट ऊन यांच्याजवळ कॅन कदापि नेऊ नये. याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असताना मी कॅनने चकचकीत क्लिअर मारतच नाही.

बॉडी कोठून आणली, याचाही हिशेब

दुसऱ्या वर्षी लेव्हलिंग थिनर आणूनही मळभ आले, आणि या वेळी दोष थिनरला देता येत नव्हता. कारण सापडायला दोन आठवडे लागले, आणि ते सापडले रेल्वे स्थानकावर. एसी लोकलमधून फलाटावर उतरल्याबरोबर चष्मा धुरकट झाला, तो पुसत असताना लक्षात आले की मी गाडीच्या बॉडीचेही हेच करतो आहे. धूळ लागू नये म्हणून बॉडी मी शयनगृहातील कपाटावर ठेवत असे, तेथे रात्री एसी २४ अंशांवर चालू असे, आणि रंगाचा वास घरात पसरू नये म्हणून तीच गार बॉडी गॅलरीत नेऊन लगेच रंगवत असे. गॅलरीतील दवबिंदू २५ अंश आणि बॉडी २४ अंशांची. म्हणजे क्लिअरचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे दव बसलेले होते.

तेव्हापासून बॉडी, क्लिअरची बाटली आणि एअरब्रश हे सारे रंग मारण्याच्या जागी किमान तासभर आधी नेऊन ठेवण्याचा नियम केला आहे. त्याही पुढे जाऊन बॉडी थोडी उबदार असलेली बरी. कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून घरोघरी दिवा लावलेला डबा असे, त्याच धर्तीवर मी झाकणाचा एक मोठा प्लास्टिकचा डबा तयार केला आहे. त्याच्या दोन बाजूंना वर-खाली भोके, आत सिलिका जेलची पुरचुंडी, आणि पत्र्याच्या आडोशामागे ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा, कारण एलईडी पुरेसा तापत नाही. आत थर्मामीटर ठेवून तापमान ४० अंशांच्या आसपास राखावे. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या जवळपास मऊ होते हे खरे, पण छताचे पातळ खांब त्याच्या बरेच आधी वाकू लागतात, म्हणून ५० च्या वर जाण्यात शहाणपण नाही. अर्धा तास डब्यात राहिलेली बॉडी बाहेर काढल्यावर पहिल्या हातापुरती सुरक्षित असते. प्लास्टिक पातळ असल्यामुळे ऊब चार-पाच मिनिटांत ओसरते, तेव्हा दुसऱ्या हातापूर्वी तिला पुन्हा डब्यात ठेवावे लागते. मात्र नुकताच ओला हात दिलेली बॉडी तडक दिव्याच्या डब्यात नेऊ नये, कारण थिनरच्या वाफा ज्वालाग्राही असतात. पंधरा-वीस मिनिटे ती उपड्या खोक्याखाली राहू द्यावी आणि मगच आत ठेवावी. मळभ यायचे असेल तर ते पहिल्या काही मिनिटांतच येते, त्यामुळे या थांबण्याने काही बिघडत नाही.

खोलीच कोरडी करता आली तर सर्वांत उत्तम. एसी ड्राय मोडवर अर्धा-पाऊण तास चालवला की माझ्या खोलीत २५ अंश आणि ५५ टक्क्यांच्या आसपास आकडे येतात. त्या स्थितीत दवबिंदू सुमारे १५ अंश असतो. परंतु बंद खोलीत एसी चालू ठेवून लॅकर मारणे ही शुद्ध आत्मघाताची तयारी आहे, कारण स्प्लिट एसी तीच हवा आणि त्याच वाफा पुनःपुन्हा फिरवतो. खोली कोरडी करून एसी बंद करावा, धूळ बसण्यास पाच मिनिटे द्यावीत, एक्झॉस्ट असलेला बूथ चालू करावा आणि दोन-तीन मिनिटांत हात उरकावा. तेवढ्या वेळात बाहेरची ओली हवा थोडी आत येते, पण काम निभते. तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क हवा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफांपुढे निरुपयोगी आहे.

हेअर ड्रायरविषयी पुष्कळ जण विचारतात. मळभ आलेल्या ओल्या थरावर तो फिरवल्यास दमट हवाच अधिक वेगाने थरावरून जाते, वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि मळभ आत कोंडले जाते. मी तो एकदाच वापरला.

कॉम्प्रेसरचे दुखणे निराळे आहे. दमट हवा दाबली की तिच्यातील पाणी टाकीत आणि नळीत साचते, आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या सलग कामानंतर नळीतून एखादा थेंब थेट फवाऱ्यात येतो. त्याने सलग मळभ येत नाही, तर मोहरीएवढे पांढरट ठिपके किंवा खळगे पडतात. टाकीच्या तळाचा स्क्रू प्रत्येक कामानंतर उघडून पाणी काढावे आणि पाणी अडवणारा एक छोटा सापळा एअरब्रशच्या मुठीजवळही लावावा. कॉम्प्रेसरवरील सापळ्याच्या पुढे नळीत हवा आणखी गार होते, आणि तेथे सुटणारे पाणी त्याच्या हाती लागत नाही.

आलेले मळभ कसे काढावे

सर्वप्रथम हात आवरावा. त्याच रात्री वरून आणखी एक जाड हात देऊन मळभ झाकण्याचा प्रयत्न केला तर ते दोन थरांच्या मध्ये गाडले जाते, आणि मग कितीही पॉलिश केले तरी खालून करडेपणा डोकावतो. बॉडी चोवीस तास कोरड्या जागी ठेवावी. झाक हलकी असेल तर तेवढ्यानेही ती कधीकधी कमी झालेली आढळते.

त्यानंतर आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असलेली वेळ निवडावी, किंवा खोली कोरडी करून घ्यावी, आणि एअरब्रशमध्ये क्लिअर न घालता केवळ लेव्हलिंग थिनर, त्यात रिटार्डरचे काही थेंब, एवढेच भरावे. दाब १२ पीएसआयच्या आसपास ठेवून सुमारे पंधरा सेंटिमीटरवरून एकच भुरभुरता हात फिरवावा. थर ओला दिसेल एवढेच हवे; पाण्यासारखा वाहू लागला तर थांबण्यास उशीर झाला असे समजावे. मळभाचा थर पुन्हा विरघळतो, सूक्ष्म पोकळ्या मिटतात आणि काळा रंग डोळ्यांदेखत वर येतो. माझ्या लोटसच्या बाजूच्या पॉडवर हे घडताना मी घड्याळ लावून पाहिले: दहा सेकंदांत करड्यातून काळा, आणि सोनेरी रेषेची कड पुन्हा सुरीसारखी स्पष्ट. नाकाडावर मात्र मी लोभाने दुसरा हात तसाच लगोलग दिला आणि तेथील रेषेला एक सुरकुती पडली, जी अजून आहे.

अ‍ॅक्रिलिक क्लिअरवर हा प्रयोग करण्यापूर्वी चमच्यावर पाहून घ्यावे, कारण लॅकर थिनर त्याच्या थराशी कसा वागेल हे कंपनीनुसार बदलते. दोन घटकांचे युरेथेन क्लिअर या रीतीने पुन्हा विरघळतच नाही, आणि त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वसनासाठी इतके घातक आहे की घरातील गॅलरीत ते वापरू नये असेच माझे मत आहे.

मळभ गाडले गेले असल्यास २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, साबणाच्या पाण्यात, त्या थरापर्यंत उतरावे लागते. कडा आणि उंचवटे मास्किंग टेपने झाकून घ्यावेत, कारण तेथेच रंग आधी फाटतो. घासताना पाणी दुधासारखे झाले तर निघतो आहे तो क्लिअर आहे. पाण्यात काळपट छटा दिसताच हात थांबवावा. डिकल लावण्यापूर्वीच मळभ आले असेल तर एवढा व्याप न करता थर घासून सपाट करावा आणि कोरड्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

काचा आणि डिकल

काचांवरचे पांढरेपण टाळणे दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. सुपरग्लूच्या वाफा बंद बॉडीत कोंडल्या की काचेवर आणि बोटांच्या ठशांवर पांढरी भुकटी होऊन बसतात, आणि गाडी एकदा चासिसवर चढवली की आतून हात घालता येत नाही. काचा बसवण्यासाठी पारदर्शक सुकणारा पांढरा गोंद टूथपिकच्या टोकाने लावावा आणि रात्रभर टेपने धरून ठेवावा. आतील सीट किंवा डॅशबोर्ड सुपरग्लूने चिकटवलेच असतील तर काचा बसवण्यापूर्वी एक दिवस जाऊ द्यावा. भुकटी आलीच तर सर्वांत बारीक पॉलिशिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसावी.

डिकलखालच्या चांदीचे मूळ खडबडीत पृष्ठभागात असते. डिकल लावण्याआधी रंग चकचकीत असावा, आणि मायक्रो सेट व मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सेटर व सॉफ्टर अशी डिकल बसवणाऱ्या व मऊ करणाऱ्या द्रावणांची जोडी हाताशी असावी. चांदी दिसलीच तर बारीक सुईने पापुद्र्याला चार-पाच भोके पाडून त्यांवर सॉफ्टरचा थेंब ठेवावा आणि त्याला बोट लावू नये. डिकल आधी सुरकुततो, मग आपोआप बसतो. हे सारे क्लिअरपूर्वी उरकावे, कारण क्लिअरखाली गेलेली चांदी थिनरच्या भुरभुरत्या हाताने जात नाही.

पॉलिश करण्याची घाईही मळभाइतकीच नडते. रिटार्डर घातलेला क्लिअर वरून कडक लागला तरी आतून मऊ असतो. अशा थरावर कंपाउंड फिरवले तर तापून चरे उमटतात, आणि चमक आलीच तर आठवड्याभरात थर आकसून बसते. बोटाने दाबून पाहू नये, ठसा राहतो. बॉडी उलटी करून आतली बाजू नाकाशी धरावी. थिनरचा पुसटसादेखील वास आला तर ती पुन्हा डब्यात ठेवावी; माझ्याकडे पावसाळ्यात हा वास जाण्यास दहा ते बारा दिवस लागतात, दिवाळीनंतर चार-पाच.